निदान दौंड येईपर्यंत तरी थांबायचं होतं! मांगा वाचून बसलेल्या मंडळींना खुले पत्र

सोलापुरातल्या तमाम मांगा-वाचक मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, 14 सप्टेंबर 2025 च्या रविवारी सकाळी पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये जे घडलं ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हा गप्प बसले, कारण भांडले असते तर परतीच्या गाडीत सहा जणांना तोंडं फिरवून बसावं लागलं असतं. आता राग निवलाय, म्हणून लिहिते. एकाच्याच नावानं लिहिलं असतं तर तो बिचारा उगाच बदनाम झाला असता. तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी हेच केलंय, त्यामुळे पत्र सगळ्यांना.

नवख्यांसाठी: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, बऱ्याचदा मांगावरूनच केलेलं. आणि आधीच सांगून ठेवते: या पत्रात मी कुठल्याही ॲनिमेतलं कोण जगतं, कोण जातं ते फोडणार नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी निर्धास्त वाचावं. गड्डा यात्रेच्या आणि रामायणाच्या बाबतीत मात्र हमी देत नाही.

तर झालं असं. 'डेमन स्लेअर : इन्फिनिटी कासल' हा ॲनिमे सिनेमा भारतात 12 तारखेला, शुक्रवारी लागला. आपल्याकडे लागेल-न लागेल याची वाट कोण बघणार म्हणून आम्ही सहा जणांनी रविवारची पुण्याचीच तिकिटं काढली. भाषेवरून आठवडाभर वाद. पूर्व भागातला आमचा मित्र म्हणत होता तेलुगूतच बघू, त्याच्या घरी सगळे तेलुगूत बघतात. एकाला हिंदी हवं होतं. मी जपानी आवाज आणि खाली अक्षरं यावर अडून बसले होते. शेवटी माझं ऐकलं गेलं, त्याची शिक्षा मला लगेचच मिळाली. साडेसहाला गाडी सुटली, मोहोळ मागं पडलं, आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, आणि कुर्डुवाडी यायच्या आत तुमच्यातला एक जण भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "आज रुमाल काढून ठेवा." इथवर ठीक होतं. पुढं त्यानं एक नाव घेतलं आणि नावाला एक क्रियापद जोडलं. मराठीत स्पॉयलर द्यायला एवढेच दोन शब्द पुरतात.

मी म्हटलं, "अरे, हे काय केलंस?" तर तोंडातला घास न गिळता म्हणाला, "एवढं काय त्यात? मी तर 2020 लाच वाचलंय की सगळं."

मान्य. सिनेमा ज्यावरून केलाय तो कोयोहारु गोतोगे यांचा मांगा 2016 ला सुरू झाला आणि मे 2020 मध्ये संपला, 23 खंडांत. म्हणजे ही गोष्ट पाच वर्षं तुझ्या पोटात होती. पाच वर्षं राहिली तशी आणखी तीन तास राहिली नसती का? निदान दौंड येईपर्यंत तरी थांबायचं होतं. दौंडनंतर मी कानात हेडफोन घालणारच होते.

आता त्या दोन शब्दांनी माझं नेमकं काय गेलं ते सांगते, कारण तुम्ही दरवेळी हाच प्रश्न विचारता: "सांगितल्यानं पिक्चर बदलला का?" नाही बदलला. चित्रं तीच, आवाज तेच, तलवारीतून निघणारं ते पाणी आणि ती आग तीच. बदलले मी. पडद्यावर तो जीव तोडून लढत होता आणि मी मनात हिशेब करत बसले होते: आता होणार का? नाही, अजून तासभर बाकी आहे, म्हणजे इतक्यात नाही. अडीच तासांहून मोठा सिनेमा, त्यातला पाऊण तास मी स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा काढला. आणि तो क्षण आला तेव्हा वाटलं काय, तर 'हां, आला एकदाचा.' एखाद्याच्या मरणावर असं वाटावं?

पण खोटं कशाला बोलू, त्याच सिनेमात मी पुढं ढसाढसा रडले. एका वेगळ्याच पात्राची मागची कहाणी आली. कोणाची ते सांगणार नाही. तिच्याबद्दल कुर्डुवाडीच्या आधी कोणी काही बोललं नव्हतं. मला दोन्ही अनुभव एकाच खुर्चीत, एकाच अंधारात मिळाले, त्यामुळे तुलना करायला मला प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

प्रयोगशाळेचं नाव निघालंच आहे तर तुमच्या त्या लाडक्या संशोधनाबद्दल बोलू. कोणी स्पॉयलरवर तक्रार केली की तुमच्यापैकी कोणीतरी लगेच तोंडावर फेकतं: "अमेरिकेत सिद्ध झालंय, स्पॉयलरनं मजा वाढते." झालंय, काही प्रमाणात. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी बारा लघुकथा विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या. त्यात अगाथा ख्रिस्ती होत्या, चेखव होते. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला होता त्यांनी सरासरीनं त्या कथांना थोडे जास्तच गुण दिले, अगदी रहस्यकथांनासुद्धा. मी हे नाकारत नाही. पण जरा विचार करा. त्या पोरांनी ती कथा स्वतः निवडली नव्हती. तिची वाट बघितली नव्हती. वाचून, आकडा टाकून ती घरी गेली. कथेतल्या माणसाचं नाव त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी 'डेमन स्लेअर'मधल्या ज्या पोराला 2019 पासून ओळखते, ज्याची बहीण बसलेली पेटी पाठीवर घेऊन मीही डोंगर चढलेय, त्याच्या गोष्टीला हा हिशेब कसा लागू करायचा? आणि याच विषयावर 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबाउम यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलटा आला होता: शेवट फुटलेल्या कथा वाचकांना कमी भिडल्या, वाचक त्यात कमी रमले. तो तुम्ही कधी पुढं पाठवत नाही.

तुमचा खरा भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो तुम्हाला अजून सुचलेला नाही. मीच सांगते, कारण आपण सोलापूरकर आहोत आणि तो आपल्या दारात दरवर्षी जानेवारीत येऊन उभा राहतो.

गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा. काय होणार ते लहान पोरालाही पाठ असतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांच्याशी लग्न करायचं म्हणून हटून बसलेली कुंभारकन्या, ते योगी म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागतं. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होणार, उंच काठ्यांचे सात नंदीध्वज निघणार, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलत येणार, तळ्याकाठी सम्मती कट्ट्यावर सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाणार, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' झालं की अक्षता पडणार. मग होम, मग शोभेचं दारूकाम. शेकडो वर्षांत यात एकही ट्विस्ट आलेला नाही. तरी लोक उन्हात तासन् तास उभे राहतात, घराच्या गच्च्या भरतात, आणि ध्वज हलला की 'बोला हर्र' म्हणताना अंगावर काटा येतो तो येतोच. माझ्या अंगावर दरवर्षी येतो. कोणी शेजारच्याला म्हणत नाही, "ए, पुढचं सांगू नकोस हं."

आणखी एक उदाहरण तर खुद्द ॲनिमेचंच. युगो साको यांनी जपान आणि भारत मिळून केलेला रामायणावरचा सिनेमा, 1992 चा. तो जानेवारी 2025 मध्ये आपल्याकडे पुन्हा थिएटरात लागला. रावण शेवटी मरतो हे कोणाला माहीत नव्हतं? माझ्या शेजारी बसलेल्या काकू तर पडद्याच्या आधी संवाद म्हणत होत्या. आणि कुंभकर्ण उठला तेव्हा त्याच काकू खुर्चीत पुढं सरकून बसल्या.

म्हणजे शेवट माहीत असला की गोष्ट मरते, हे खोटं आहे. मी हे स्वतःच्या तोंडानं कबूल करते, आता तुम्ही हे पत्र फिरवून माझ्यावरच उलटवा हवं तर.

पण गड्ड्यातलंच दुसरं दृश्य बघा. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा पहिल्यांदा दारूकाम बघायला आला, सहा वर्षांचा. भावोजींनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. पुढं काय उडणार हे भावोजींना पाठ. त्यांनी सांगितलं का? नाही. ते फक्त म्हणाले, "आता बघ हं. वर बघ. डोळे मिटू नकोस." आणि गप्प राहिले. पोराच्या चेहऱ्यावर उजेड पडला तेव्हा सगळे आकाशाकडे बघत होते, भावोजी पोराकडे बघत होते. ज्याला पुढचं माहीत आहे त्याला मिळणारी ही मजा तुम्ही कधी घेऊन बघितली आहे का?

कीर्तनात दुसरं काय असतं? उत्तररंगात आख्यान लागतं, शेवट बुवांना ठाऊक, शेवट समोरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक. पण ऐन मोक्याला बुवा थांबतात, टाळकऱ्याकडे बघतात, एक अभंग घेतात, चिपळ्या वाजवतात, घोटभर पाणी पितात. सगळा मंडप टांगून ठेवतात. ज्याला कथा माहीत आहे त्याचं काम ती रोखून धरायचं आहे. कुर्डुवाडीला भाकरी खाता खाता शेवट सांगून मोकळा होणारा बुवा पुढच्या सप्ताहाला कोणी बोलावला असता का?

तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक सिनेमा. सिनेमाचं एकवेळ ठीक आहे. मालिकेचं दुखणं मोठं आहे, कारण मालिका वीस-बावीस मिनिटं बघायची असते आणि उरलेला आठवडा तिच्यात राहायचं असतं. रविवारी भाग बघायचा, सोमवारी कारखान्यात टॉवेलच्या बिलांमागं तर्क लिहायचे, शनिवारी संध्याकाळी पार्क चौकात भेळ खाताना ते एकमेकांच्या अंगावर फेकायचे. माझे दहातले नऊ तर्क चुकतात. एकदा मी एका पात्राच्या डोळ्यांच्या रंगावरून एवढा मोठा सिद्धांत मांडला की तेलुगू मित्रानं तो वहीत लिहून घेतला, आणि पुढच्याच भागात त्याचा भुगा झाला. अजूनही तो ती वही काढून मला चिडवतो. हे चुकणं हीच आमची कमाई. तुमच्यातला कोणी कट्ट्यावर येऊन 'तसं नाही होत' एवढं जरी म्हणाला तरी आमची भेळ बेचव होते. त्यानं काही सांगितलंसुद्धा नसतं!

आणि तुमचं ते हसणं. आम्ही काही बोललो की ओठ दाबून एकमेकांकडे बघणं. किंवा "तुला तो आवडतो? बरं, बरं…" किंवा "तिसऱ्या भागापर्यंत थांब, मग बोलू." याला तुम्ही स्पॉयलर मानत नाही. अहो, शेवटी धक्का आहे एवढं सांगितलं की मी प्रत्येक दारामागं धक्का शोधत बसते.

'अटॅक ऑन टायटन'च्या वेळी तर तुम्ही कहर केलात. पहिला सीझन 2013 ला आला, दुसरा थेट 2017 ला. हाजिमे इसायामांचा मांगा एप्रिल 2021 मध्ये संपला आणि ॲनिमेचा शेवट आला नोव्हेंबर 2023 मध्ये. अडीच वर्षं तुम्हाला सगळं माहीत आणि आम्हाला काही नाही. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, पाहुणे चहा पिऊन चाललेत आणि नवरीलाच कोणी काही सांगत नाही, तशी आमची गत. त्या काळात मी मोबाईल उलटा ठेवायला शिकले. शेवटचं प्रकरण 9 एप्रिलला आलं आणि 13 ला गुढीपाडवा होता. निर्बंधांचे दिवस, सगळे घरात, शुभेच्छांचे स्टेटस बघत बसलेले. गुढी, गुढी, श्रीखंडाची वाटी, गुढी, आणि मग शेवटच्या प्रकरणातलं एक चित्र, खाली लिहिलेलं 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा'. ज्यानं टाकलं होतं त्याला आठवत असेल. कडुनिंब मी त्या वर्षी दोनदा खाल्ला म्हणायचं.

यात आणखी एक गोष्ट मला खटकते ती सांगूनच टाकते. जपानी साप्ताहिकातल्या मोठ्या मालिकांची नवी प्रकरणं प्रकाशकाच्या स्वतःच्या ॲपवर रविवारी रात्री आपल्या साडेआठला अधिकृतपणे येतात, ताजी तर फुकट. 2019 पासून ही सोय आहे. तरी तुमच्यातले काही जण दोन-तीन दिवस आधीच कुठून तरी फुटलेली, धुरकट, वाकडी पानं वाचता आणि शुक्रवारी चौकात येता. ज्यानं बोटं झिजवून ती पानं काढली त्याच्या हातून ती नीट बाहेर पडायच्या आधी तुमच्या तोंडून बाहेर पडतात. जपानीत स्पॉयलरला 'नेताबारे' म्हणतात. 'नेता' म्हणजे गोष्टीतला माल, जपानीत बियाणाला जो शब्द आहे 'ताने', त्याची अक्षरं उलटी करून झालेला. आपल्या नेत्यांशी संबंध नाही, त्यांचं तर काही झाकलेलंच नसतं. 'बारे' म्हणजे उघडं पडणं. आपल्याकडे याला बरोब्बर शब्द आहे, बिंग फुटणं. तिकडे एका माणसानं एका व्हिडिओ गेमचा खेळ शेवटासकट यूट्यूबवर टाकला, तर 2023 मध्ये कोर्टानं त्याला दोन वर्षांची स्थगित कैद आणि दहा लाख येन दंड ठोठावला. गुन्हा कॉपीराइटचा होता, बिंग फोडण्याचा नव्हे, तेव्हा घाबरू नका. मी काही चौकीत जाणार नाही.

जपानी लोक यात धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. पत्त्यांच्या खेळावरच्या एका गाजलेल्या मालिकेत पुढच्या भागाच्या जाहिरातीत त्या भागाचं नावच सांगितलं गेलं, आणि नाव काय, तर अमुक पात्र मरतं. तिकडे त्याची अजून थट्टा चालते. सुरुवातीच्या गाण्यात तर अर्ध्या मालिका स्वतःचं बिंग स्वतःच फोडतात. मी गाणं लागलं की डोळे मिटते. घरचे म्हणतात, झोप येते तर बघतेस कशाला?

आता माझ्या आजीची गोष्ट, कारण तिच्यामुळे माझं मत थोडं हललं होतं. आजीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बायकांच्या घोळक्यात कोणीतरी एक गोष्ट सांगणार. आजीला शेवट आधी लागायचा. "पोरगी नांदते का शेवटी? ते सांग, मग सांग पुढं." मालिका बघतानाही तेच. शेवट कळला की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि मग ती निवांत बघायची. एकदा मी इसाओ ताकाहातांचा 1988 चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला, युद्धातल्या भावा-बहिणीचा. आजी शेजारी येऊन बसली आणि नेहमीचा प्रश्न: "पोरं जगतात का गं?" मला काही बोलावंच लागलं नाही. त्या सिनेमाच्या पहिल्याच वाक्यात तो मुलगा सांगतो की 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री आपण मेलो. हा स्पॉयलर माझा नाही, दिग्दर्शकाचा आहे. मी ते मराठीत सांगितलं. आजी "अरे देवा" म्हणाली आणि उठून जाईल असं वाटलं होतं, पण हलली नाही. शेवटपर्यंत बघितला. मधे एकदाच बोलली, ती छोटी पोरगी डब्यातली गोळी चोखत होती तेव्हा: "खाऊ दे तिला, खाऊ दे."

त्या रात्री मला वाटलं, बघा, शेवट माहीत असूनही. पण पुढं लक्षात आलं की तो शेवट ताकाहातांनी पुढं आणून ठेवला होता. आपल्या चादरीचा काठ कुठं यावा, मोर कुठं उमटावा, हे माग सुरू व्हायच्या आधीच नक्षी काढणाऱ्यानं ठरवलेलं असतं, नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्राच्या कार्डांना भोकं पाडतानाच. त्यानं काठ आधी आणला तर ती त्याची नक्षी. मागावर चाललेल्या कापडात मधेच हात घालून कोणी दुसऱ्यानंच काठ ओढून पुढं आणला तर त्याला काय म्हणायचं हे तुम्ही कुठल्याही कारखान्यात विचारा. मी विचारलं होतं. मिळालेलं उत्तर इथं लिहिता येत नाही.

आणि आजीनं स्वतः मागितलं होतं. हा फरक सोडू नका. माझ्या मावसबहिणीला कुत्र्यामांजराचं काही वाईट होणार असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर तिला रात्रभर झोप लागत नाही. मी सांगते, अगदी मिनिटासकट. मागणाऱ्याला द्या की, कोण नाही म्हणतंय? आपल्या या गावात एकाच स्पॉयलरची सगळ्यांना तहान असते, पाणी नेमकं कुठल्या दिवशी किती वाजता येणार त्याची, आणि तेवढा सोडून बाकी सगळे फुकटात मिळतात.

माझे हातही पूर्ण स्वच्छ नाहीत. आमच्या कारखान्यातला एक जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, रात्रपाळीत मोबाईलवर 'डेथ नोट' बघायचा. सदतीस भागांची मालिका, तो आठ-नऊ भागांवर होता. चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "मॅडम, लई डोकं चालवलंय ओ. पुढं काय होतं?" त्यानं सहज विचारलं होतं, 'काय पाऊसपाणी' विचारावं तसं. मी सांगितलं. सगळं. चहा गार होईपर्यंत सांगितलं, हातवारे करून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, आता रात्री झोपायला मोकळा." पुन्हा त्यानं ती मालिका लावली नाही. त्याची एकोणतीस-अठ्ठावीस भागांची मजा मी एका कपात संपवली. 2006 ची मालिका, तिचं काय स्पॉयलर, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. पण त्याच्यासाठी ती त्याच आठवड्यातली होती. आठवीतल्या ज्या पोरानं ती गेल्या दिवाळीत सुरू केली त्याच्यासाठी ती गेल्या दिवाळीतली आहे. त्यामुळे 'इतकी वर्षं झाली की सांगायला हरकत नाही' हा तुमचा नियम मला पटत नाही. समोरचा कुठवर आलाय ते विचारायला किती वेळ लागतो?

पण त्या टपरीवर मला एक गोष्ट कळली, आणि म्हणूनच या पत्रात तुमच्याबद्दल फार कडू लिहिता आलं नाही. सांगताना मला अतोनात बरं वाटत होतं. ती मालिका मी एकटीनं बघितली होती, बारावीच्या सुट्टीत. शेवट बघून रात्री दोन वाजता गच्चीवर फेऱ्या मारल्या होत्या आणि सांगायला घरात कोणी नव्हतं. आईला काय सांगणार? तुमचंही तेच होत असणार. तुम्ही मांगा वाचता तो एकट्यानं, मोबाईलच्या उजेडात, पांघरुणात. एवढं मोठं काही घडतं आणि सकाळी उठून कामावर जायचं असतं. मग कुर्डुवाडीच्या आधी भाकरी मोडता मोडता ते तोंडातून निसटतं. तुम्हाला आमची मजा घालवायची नसते, तुम्हाला कोणीतरी सोबत हवं असतं. ते आम्हालाही होता येईल, पण सिनेमा बघून बाहेर आल्यावर. त्या दिवशी थिएटरबाहेर तू गप्प होतास, आठवतंय? कारण तुझं सांगून झालं होतं. आम्ही पाच जण मात्र पुणे स्टेशनपर्यंत बोलत होतो.

तेव्हा माझा एक प्रस्ताव आहे. पार्क चौकात शनिवारी तुमचा कट्टा वेगळा करू, वाचलेल्यांचा. तिथं तुम्ही पोटभर बोला, मरा, मारा, रडा. आमचा न वाचलेल्यांचा कट्टा भेळेच्या गाडीच्या अलीकडे, तुमचं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. ज्या दिवशी आमच्यातला कोणी मांगा संपवेल त्याला आम्ही वाजतगाजत तुमच्या कट्ट्यावर पोचवू.

'इन्फिनिटी कासल'चे अजून दोन भाग यायचे आहेत. पुढचा लागला की तिकिटं मीच काढते, पुन्हा हुतात्माचीच. फक्त वाचलेले डी-3 मध्ये आणि न वाचलेले डी-5 मध्ये. मधले दरवाजे पुणे येईपर्यंत कोणी ओलांडायचे नाहीत, चहावाला सोडून. कडक भाकरी आणि चटणी मात्र सगळीच्या सगळी तुमच्या डब्यात पाठवते. तोंडं भरलेली राहतील.

तुमचीच,
अजूनही मांगा न वाचलेली एक
सोलापूर